इन्स्पेक्टरच्या कोटाचा खिसा

रिकाम्या खिशाचा कोट कवडू मास्तरांनी दुकानातून कधी बाहेर पडू दिला नाही.

नागपुरात महाल भागातल्या एका बोळात नाटकाचे कपडे भाड्याने देणारं ते दुकान, आणि मास्तर तिथले शिंपी. नाटकवाले त्याला ड्रेपरी म्हणतात. वकिलाचा डगला असो, सावकाराचा अंगरखा असो की इन्स्पेक्टरचा खाकी कोट असो, गाठोडं बांधण्याआधी मास्तर त्याच्या आतल्या खिशात घडी घातलेला एक कागद सरकवत. मग तो जुन्या पंचांगाचं पान असो की लग्नपत्रिका. नाटकातल्या माणसाला तिसऱ्या अंकात खिशातून काहीतरी काढावंच लागतं. मृत्युपत्र तरी, प्रेमपत्र तरी, नाहीतर वॉरंट. ऐन वेळी हात खिशात गेला आणि खिसा रिकामा निघाला, म्हणजे नटाच्या चेहऱ्याचं काय होतं ते मास्तरांनी तरुणपणी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी नाटकांच्या विंगेत उभं राहून पाहिलं होतं. "राजा मेला तरी नाटक चालते," ते म्हणत, "खिसा मेला का नाटक मेलं."

पवनीजवळच्या एका खेड्यातला त्यांचा जन्म. आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईने ह्याला जन्मल्याबरोबर शेजारणीला एका कवडीला विकलं आणि दुसऱ्याचं पोर सांभाळायला आणावं तसं परत घरी आणलं. मृत्यूने फसावं म्हणून. तो फसला, आणि नाव पडलं कवडू. बापाचं नाव धोंडबा, तेही अशाच भीतीतून आलेलं. शाळेत घालताना गुरुजींनी जन्मतारीख विचारली तेव्हा धोंडबा म्हणाला, "धान कापाच्या वक्ताले झाला." गुरुजींनी एक जून लिहिलं. अर्ध्या वर्गाचा वाढदिवस एक जूनलाच होता. कापणीला जन्मलेलं पोर कागदावर पेरणीच्या तोंडावर जन्मलं, आणि त्यावर कोणी हरकत घेतली नाही.

पुढे एका नाटक कंपनीच्या मागे मागे कपड्यांच्या पेट्या सांभाळत ते फिरले. पेट्रोमॅक्सचे दिवस होते. दोन प्रवेशांच्या मधल्या तीन मिनिटांत भिकाऱ्याचा जमीनदार करायचा, तोही अंधारात, नुसत्या बोटांच्या अंदाजाने. ती बोटं दुकानाचे मालक गणपतरावांनी हेरली आणि सत्याऐंशी साली त्यांना नागपूरला आपल्या ड्रेपरीत आणलं. तेव्हापासून मास्तर तिथेच. राहायला नंदनवन वस्तीत दोन खोल्या, बायको वच्छला आणि सायकल.

त्यांची एक सवय कोणाला ठाऊक नव्हती. नाटकाच्या हँडबिलावर नटांची नावं असतात, त्याखाली रंगभूषा, प्रकाश, अगदी सतरंजीवाल्याचंही नाव असतं. शिंप्याचं नसतं. म्हणून मास्तर कपडा शिवून झाला की अस्तराच्या पोटात, बाहेरून दिसणार नाही अशा जागी, शाईने 'क' आणि साल लिहीत आणि वरून टाके घालत.

गणपतराव गेले, मुलगा पियुष गादीवर आला. आणि मग टेकचंद आला.

टेकचंद जरीपटका या सिंधी वस्तीतून येई. पंचेचाळिशीचा, सडपातळ, डाव्या भुवईवर जुना वण. सिंधमधल्या घोटकी गावचा. अकरा वर्षांपूर्वी बायकोपोरांसह सीमा ओलांडून इकडे नातलगांकडे आला आणि लांब मुदतीच्या व्हिशावर राहिला. मुदत संपत आली की अर्ज, मग मुदतवाढ, मग पुन्हा अर्ज. आता कुठे त्याच्या नागरिकत्वाच्या अर्जाची पाळी आली होती.

हात मात्र असा होता की मास्तरांना पहिल्याच दिवशी पाणी पिऊन यावं लागलं. शेरवानीची उभी कॉलर टेकचंद एका बैठकीत बसवी आणि ती अशी उभी राही की आत मान नसली तरी माणूस ताठ वाटावा. मास्तरांची कॉलर गेली दोन वर्षं डावीकडे किंचित झुकत होती. डोळ्यांचा दोष. टेकचंदच्या ते लक्षात आलंच असणार, पण तो काही बोलला नाही. हे न बोलणंच मास्तरांना जास्त लागलं.

कॉलरचं एक वेळ सोसलं असतं. पण फाईलचं काय करावं?

पियुषच्या वकिलाने बजावलं होतं की परदेशी माणूस कामावर ठेवायचा तर त्याचे कागद मालकाने स्वतः पाहायचे, मुदत कधी संपते ते लिहून ठेवायचं, तो कुठे राहतो, काय काम करतो ते पोलिसांच्या परकीय नागरिक शाखेत कळवायचं. मुदत संपलेला माणूस ठेवून घेतला तर त्याच्याबरोबर मालकानेही उत्तर द्यायचं. घाबरलेल्या पियुषने एक निळी फाईल केली. तीत टेकचंदचा फोटो, जन्मगाव, बापाचं नाव, ओळखीची खूण, बायकोचं नाव, मुलांची शाळा. महिन्याच्या एक तारखेला पियुष ती उघडून तारीख बघे आणि विचारी, "टेकचंदजी, सब ठीक है ना? घर नाही ना बदललं?"

सदतीस वर्षांत मास्तरांनी तीनदा घर बदललं होतं. कोणी विचारलं नव्हतं.

आणि एके दिवशी टेकचंदच्या गळ्यात कार्ड आलं. चौकशीला कोणी आलं तर हाताशी असावं म्हणून वकिलानेच सुचवलेलं. दुकानाचं नाव, स्टुडिओत काढलेला फोटो, खाली 'टेकचंद, मुख्य कारागीर' आणि पियुषची सही. प्लॅस्टिकमध्ये बंद केलेलं, निळ्या फितीचं. मशीनवर वाकला की ते कार्ड लोंबायचं, आणि टेकचंद ते अदबीने शर्टाच्या खिशात सरकवायचा.

मास्तरांनी दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी गुंड्या निवडता निवडता म्हणाले, "पियुष, मले नाई का एखादं?"

पियुष हसला. "तुमाले कायले कार्ड, काका? तुमाले कोण नाई ओळखत?"

प्रेमानेच म्हणाला तो. तरीही मास्तरांना ते असं बसलं की घरी गेल्यावर वच्छलाबाईंनी वाढलेलं ताट तसंच राहिलं.

"तुमी काहून जळून राहिले त्याच्यावर?" वच्छलाबाई म्हणाल्या. "बिचारा देश सोडून आला."

"जळून नाई राहिलो वं. पन मले सांग, मी कोण हाये?"

"ज्याची भाकर थंडी होऊन राहिली, ते तुमी हा."

"मुख्य कारागीर लिवलं त्याच्यावर. मंग मी कोण?"

वच्छलाबाईंनी ताटावर दुसरं ताट झाकलं आणि विषय मिटवला.

जानेवारी आला. शाळांची गॅदरिंग आणि झाडीपट्टीचा हंगाम, दोन्ही एकदम. एका संध्याकाळी टेकचंदने एक घडीचा कागद मास्तरांच्या हातात दिला. सीमा ओलांडली त्या वर्षी मिळालेलं नोंदणीचं प्रमाणपत्र, मागच्या प्रत्येक मुदतवाढीचे शिक्के असलेलं. "उस्ताद, ज़ेरॉक्स वाला आज बंद है. कल सुबह एक कॉपी फ़ाइल में लगा दीजिए. असली काग़ज़ है, मैं दस बजे आकर ले लूँगा."

उस्ताद. हा शब्दही मास्तरांना टोचे. एवढा गोड बोलणारा माणूस मनातून कॉलरीकडेच बघत असणार, असं त्यांना वाटे.

दुसऱ्या दिवशी ते नऊला दुकानात आले. वडश्याच्या कंपनीचं गाठोडं तयार होतं, न्यायला टेम्पो दाराशी उभा. फक्त इन्स्पेक्टरचा खाकी कोट राहिला होता, खिसा रिकामा असलेला. मास्तरांचा हात रद्दीच्या दराजात गेला. रद्दीच्या वरच टेकचंदचा तो कागद होता, काल त्यांनीच ठेवलेला. जाड, घडीवर मऊ झालेला, गोल शिक्क्यांचा, कोपऱ्यात फोटो असलेला. असं वॉरंट सबंध झाडीपट्टीत कोणत्या इन्स्पेक्टरला मिळालं नसेल.

चुकून गेला असं ते पुढे काही तास स्वतःला सांगत राहिले. पण हात चुकला नव्हता. बोटांना कागद ओळखू आला होता, आणि तरी बोटांनी तो खिशात सरकवला. आठ दिवसांत कोट परत येईल. आठ दिवस हाही जरा बिनकागदाचा राहू दे, एवढंच मनात होतं. टेम्पो गेला.

दहा वाजता टेकचंद आला. "उस्ताद, काग़ज़?"

"दराजात ठेवला होता," मास्तर म्हणाले. आणि ते खरंच होतं.

बारा वाजता पियुषला फोन आला. परवा, शुक्रवारी अकराला, पोलिसांच्या शाखेतले जमादार दुकानात चौकशीला येणार. टेकचंदचं मूळ प्रमाणपत्र पाहून ते शेरा देतील, आणि तो शेरा नागरिकत्वाच्या अर्जाबरोबर पुढे जाईल. मूळ कागद नसेल तर अर्ज परत.

टेकचंदने आवाज चढवला नाही. त्याने गळ्यातलं कार्ड काढून मशीनवर ठेवलं, बाह्या सारल्या आणि दुकान उलटं करायला घेतलं. दराजं झाली, रद्दी झाली. मग त्याने कपडे काढले. एकेक अंगरखा, एकेक डगला, खिसा न् खिसा, अस्तर न् अस्तर. सदतीस वर्षांचे कपडे तो उलटे करून दिव्यासमोर धरत होता. संध्याकाळपर्यंत त्याच्या भुवयांवर धूळ साचली. घरून बायकोचा फोन आला तर म्हणाला, "मिल जाएगा, तू रो मत." मास्तर शेजारी बसून एकच गुंडी चौथ्यांदा लावत होते.

मध्येच टेकचंद एका मखमली अंगरख्यापाशी थांबला, अस्तर बोटाने चाचपलं, मास्तरांकडे बघितलं. पुढचा कपडा उचलला.

त्या बघण्याने मास्तरांचा धीर सुटला. ह्याला कळलं, असं त्यांना वाटलं.

गुरुवारी सकाळची पहिली एस.टी. पकडून ते वडश्याला निघाले. उमरेड, भिवापूर, नागभीड. दुपारी एकला पोचले. झाडीपट्टीचे नट रात्रभर खेळ करतात आणि दिवसा झोपतात. कंपनीच्या बिऱ्हाडात सगळे आडवे पडले होते. जुना नट चंपतराव, मास्तरांनी तरुणपणी ज्याला शंभरदा जमीनदार केला होता तो, खाकी कोट उशाशी घेऊन घोरत होता. मास्तरांनी हळूच कोट ओढला.

"कोण हाये बे?" चंपतरावने डोळे उघडले. "अरे, कवडू. तू इथं काहून आला गा?"

"खिशातला कागद पाहिजे."

चंपतराव उठून बसला. "तो नको मागू. त्या कागदानं सीन उचलला आमचा."

"म्हंजे?"

"काल तिसऱ्या अंकात डाकूचं वॉरंट काढलं, आन् माही लाईन गेली. साफ गेली. मंग कागदावर जे होतं तेच वाचलं. टेकचंद, बापाचं नाव अमुक, जन्म घोटकी, खूण डाव्या भुवईवर वण. पब्लिक असं चूप झालं का बास. खरं वाटलं त्याइले. पन लोकं डाकूची भुवई पाहून राहिले होते, तिथं वणच नाई. आज आता रंगानं वण काढणार हावो."

"आन् मंग?"

"मंग काय, फाशी देली. नाटकात तेच हाये ना." चंपतराव मोठ्याने हसला. "कोण हाये गा हा टेकचंद? कर्जदार तुहा?"

मास्तर हसले नाहीत. परमुलखातून इथे येऊन अकरा वर्षं शिक्के गोळा करणाऱ्या माणसाला त्यांनी काल हजार लोकांसमोर फासावर चढवलं होतं. "माह्या बाजूच्या मशीनवर बसते," ते म्हणाले. "कागद दे, चंपत."

चंपतरावने दिला. मास्तरांनी कोटाच्या खिशात एस.टी.चं जुनं वेळापत्रक घडी घालून ठेवलं. सवय.

परतीच्या गाडीत त्यांनी कागद उलगडला आणि उलटून पाहिला. मागच्या कोऱ्या बाजूला चंपतरावने विसरलेलं वाक्य निळ्या बॉलपेनाने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, पुन्हा विसरू नये म्हणून: 'कुठं पळशील, लेका? तुझा कागद माझ्या खिशात आहे.'

शुक्रवारी अकराला जमादार आले. पन्नाशीचे, शांत. सकाळी मास्तरांनी कागद पुढे केला तेव्हा टेकचंदने डोळे मिटून घेतले होते. कुठे मिळाला हे मास्तरांनी सांगितलं नव्हतं. जमादारांनी निळी फाईल पाहिली, कार्ड पाहिलं, फोटो चेहऱ्याशी ताडून पाहिला. प्रत्येक शिक्क्यावर बोट ठेवलं. मास्तर मनात म्हणत होते, पालटू नको बावा, पालटू नको.

जमादारांनी कागद पालटला.

"हे काय?" त्यांनी वाक्य मोठ्याने वाचलं. "सरकारी कागदावर हे कोणी लिहिलं?"

पियुषने टेकचंदकडे बघितलं. टेकचंदचा चेहरा धुतलेल्या मांजरपाटासारखा झाला होता. "साहब, मैंने नहीं... मेरे पास तो था ही नहीं..."

"तुमचा कागद आणि तुमच्यापाशी नव्हता?" जमादारांनी पेन बंद केलं. "मग मला तसा शेरा लिहावा लागेल."

"मी केलं ते," कवडू मास्तर म्हणाले.

ते उभे राहिले होते. खिशाचं सांगितलं, टेम्पोचं सांगितलं, वडश्याचं, चंपतरावचं. फाशीचंही सांगितलं. पियुष आ करून बघत राहिला.

"चुकून गेला?" जमादारांनी विचारलं. त्यांनी वाट ठेवली होती; मास्तर हो म्हणाले असते तर तिथेच मिटलं असतं.

"नाई. मुद्दाम ठेवला."

"का?"

मास्तरांनी निळ्या फाईलकडे बघितलं. "मले कोणी कधी कागद नाई मागतला, साहेब."

जमादारांनी नवीन कागद पुढे ओढला. "लेखी द्यावं लागेल. पूर्ण नाव. वय. आधार आहे ना?"

"हाये. त्याच्यावर घर कुठं हाये ते लिवलं. मी काय करतो ते नाई लिवलं."

"ह्या दुकानात कधीपासून?"

"काका आमचे जुने आहेत," पियुष मध्येच म्हणाला.

"जुने म्हणजे किती?"

"असतील... वीस-पंचवीस वर्षं."

मास्तरांनी खाली बघितलं. जमादारांनी हजेरीचं पुस्तक मागितलं, ते नव्हतं. नेमणुकीचं पत्र नव्हतं. "बाहेरच्या माणसाची एवढी फाईल," जमादार म्हणाले, "आणि तुमच्या घरच्या माणसाचा एक चिटोरा नाही. ह्यांच्या जबानीला मी आधार काय धरू?"

तेव्हा टेकचंद उठला. मास्तरांकडे न बघता त्याने वरच्या दांडीवरचा मखमली अंगरखा काढला, अस्तराच्या शिवणीचे चार टाके कात्रीने उसवले आणि कापड जमादारांच्या समोर उलटं धरलं. आत, पिवळट पडलेल्या मांजरपाटावर, शाईने 'क ८७' असं लिहिलेलं होतं.

"सत्तासी, साहब. दो दिन काग़ज़ ढूँढा. काग़ज़ नहीं मिला, ये मिला. रोशनी में पकड़ो तो अस्तर में से झलकता है. हर कपड़े में है. अट्ठासी, नवासी, सब साल. एक भी साल ख़ाली नहीं." तो थांबला. "इस हाथ का टाँका मैं पहचानता हूँ."

कवडू मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच क्षणी छातीत जुनी जळजळही उठली. सदतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे खिसे भरले होते, आणि ऐन तिसऱ्या अंकात नेमकी वस्तू नेमक्या वेळी काढून दाखवायचा मानही ह्या घोटकीवाल्यानेच नेला होता.

जमादारांनी लिहिलं: 'सदतीस वर्षे.' मग जबानीखाली साक्षीदाराची सही हवी म्हणाले. पियुष पुढे झाला तर त्यांनी त्याला थांबवलं. "तुम्हाला वर्षं ठाऊक नाहीत. ज्याला ठाऊक आहेत त्याने करावी." आणि पेन टेकचंदकडे दिलं. "ज्याची चौकशी करायला आलो तोच साक्षीदार. नोकरीत असं पहिल्यांदाच झालं."

कागदाच्या मागचं वाक्य कोणाचं आणि का, ते त्यांनी शेऱ्यात नोंदवलं. अर्ज पुढे गेला.

जमादार गेल्यावर टेकचंद मशीनवर बसला. "कार्ड चाहिए था तो कह देते, उस्ताद," तो सुईत दोरा ओवत म्हणाला. "मैं गले से उतार के दे देता. काग़ज़ नहीं लेना था." त्यानंतर तो दहा दिवस बोलला नाही. मास्तर रोज त्याच्या मशीनला तेल घालून ठेवत. अकराव्या दिवशी त्याने मास्तरांची झुकलेली कॉलर न विचारता उचलली, उसवली आणि उजवीकडे अर्धा दोरा घेऊन बसवून दिली. मास्तरांनी घेतली. धन्यवाद म्हटलं नाही. तेवढं अजून जमत नव्हतं.

आता खिशात ठेवायचा प्रत्येक कागद टेकचंद आधी दोन्ही बाजूंनी वाचतो. लग्नपत्रिका असली तरी. मगच मास्तरांना घडी घालू देतो.

एक जूनला पियुषने मास्तरांना कार्ड दिलं. निळ्या फितीचं. 'कवडू धोंडबा, वस्त्रप्रमुख, १९८७ पासून.' त्या दिवशी ते सायकलवरून कार्ड शर्टाच्या बाहेर ठेवून नंदनवनात गेले, वाटेत विनाकारण दोन चौक जास्त फिरून. वच्छलाबाईंनी चष्मा लावून ते पुढून-मागून पाहिलं, पदराने पुसलं.

"बेस झालं. आता तरी जेवा."

मास्तर कार्ड दिव्याखाली धरून बसले होते. पियुषने घाईत मोबाईलवर काढलेला फोटो, एक डोळा अर्धा मिटलेला.

"फोटो त्याचाच चांगला आला वं," ते म्हणाले.